कर्जाला आठवड्याचा हप्ता चालतो, मग बचतीला का नाही?

केंद्रीय अर्थमंत्र्यांना एका अल्पबचत एजंटाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली.

महोदया,


तिमाही संपत आली की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते : अल्पबचतीचे व्याजदर जैसे थे, नाहीतर अमुक इतके वाढले. ३१ मार्च २०२१ ला दरकपातीचा आदेश निघाला आणि १ एप्रिलच्या सकाळी, तो नजरचुकीने निघाला होता असं सांगून आपण तो मागे घेतलात. आवर्ती ठेवीचा, म्हणजे आमच्या आरडीचा दर ५.८ वरून ५.३ टक्क्यांवर यायचा होता, तो वाचला. त्याबद्दल आभार. हे पत्र मात्र व्याजदर वाढवून मागण्यासाठी लिहिलेलं नाही.

मी इचलकरंजीत पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली आम्हा बायकांना हे काम मिळतं. घरोघरी फिरायचं, हप्ता घ्यायचा, कार्डावर नोंद करायची, यादी करून पोस्टात भरायचा. भरलेल्या हप्त्यावर ४ टक्के कमिशन. पाचशेच्या हप्त्यामागे वीस रुपये. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे मागणार आहे त्यात माझाही स्वार्थ कुठे आहे आणि कुठे नाही, हे आपल्याला दिसलं पाहिजे.

आधी एक गणित मांडते. जुलै २०२३ मध्ये आरडीचा दर ६.५ टक्के होता, ऑक्टोबरपासून तो ६.७ झाला. महिना ५०० रुपये भरणाऱ्या बाईला या वाढीपायी पाच वर्षांनी दोनशेहूनही कमी रुपये जादा मिळतात. तीच बाई चार वर्षं नेमाने भरून अडचणीपायी खातं मोडते, तेव्हा नियमाप्रमाणे तिला सगळ्या काळाचं व्याज बचत खात्याच्या ४ टक्क्यांनी धरून मिळतं. सुमारे पंधराशे रुपये हातचे जातात. आणि तीन वर्षं झाली नाहीत म्हणून खातं मोडताच आलं नाही आणि बाहेरून कर्ज काढावं लागलं, तर नुकसान हजारांत जातं. दर तिमाहीला चर्चा होते ती त्या दोनशे रुपयांची. घर सावरतं की कोलमडतं, ते पुढच्या दोन आकड्यांवर ठरतं. तिथं टक्क्यांपेक्षा तारीख महत्त्वाची असते.

माझे बहुतेक खातेदार यंत्रमागावर पोट असलेले. माग चालवणाऱ्याची मजुरी विणलेल्या मीटरवर, पाळी बारा तासांची, पगार आठवड्याला. घरातली बाई कांड्या भरायला जाते, तिचाही पगार आठवड्याचाच. सुताचा भाव चढला आणि मालकाने माग बंद ठेवले, की त्या आठवड्याचा पगार उतरला. खाडा पडला, की उतरला. पैसा असा कमीजास्त, आठवड्याआठवड्याने येतो. खर्च मात्र आपापली तारीख घेऊन येतात. घरभाडं आणि वीजबिल महिन्याला, सिलिंडर संपेल तेव्हा, शाळा जूनमध्ये, दुखणं केव्हाही. या दोहोंची तोंडमिळवणी करण्यात बायकांची अर्धी अक्कलहुशारी खर्ची पडते. ‘या लोकांना पैशाचं नियोजन कळत नाही’ असं म्हणणाऱ्याने एक महिना हे करून बघावं.

वर्षाच्या चटणीचंच घ्या. आमच्या कोल्हापूर भागात कांदा-लसूण चटणी वर्षाची करून ठेवतात. मार्च-एप्रिलमध्ये, मिरची चांगली वाळलेली आणि भाव बरा असतो तेव्हा ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी आपापल्या घराच्या चवीप्रमाणे मिसळून घ्यायची, देठं काढायची, उन्हं दाखवायची, धणे-खोबरं-खसखस-गरम मसाला भाजायचा आणि कांडपाला न्यायचं. एकदा केली की वर्षभर कालवण कशाचंही असो, तिखटाचा प्रश्न मिटला. पण त्या एका आठवड्यात हातात मोठी रक्कम लागते. जिच्याकडे ती असते तिला चटणी स्वस्त पडते आणि चांगली मिळते. जिच्याकडे नसते ती दर आठवड्याला दुकानातून तयार चटणीची पुडी आणते. वर्षाचा हिशेब केला तर जास्त पैसे देऊन कमी दर्जाची चटणी खाते. तेलाचं तेच. पंधरा किलोच्या डब्याचा भाव वेगळा, पाव किलोचा वेगळा. चहापूड दहा रुपयांच्या पुडीतून घेतली तर किलोचा दर काय पडतो ते कुणी काढत नाही. काढून उपयोगही नसतो, कारण त्या दिवशी खिशात दहाच असतात. गरीब घर वायफळ खर्च करतं म्हणून महाग जगतं असं नव्हे. वेळेवर एकरकमी पैसा हाताशी नसतो, म्हणून त्याला सगळं महाग पडतं.

यावर बायकांनी आपला तोडगा केव्हाच काढला आहे : भिशी. गल्लीतल्या वीस-पंचवीस जणी आठवड्याला शंभर-दोनशे टाकतात, मधल्या काळात ज्या सभासदाला नड असेल तिला त्यातूनच व्याजाने देतात आणि दिवाळीच्या तोंडावर भिशी फुटते. आठवड्याचा हप्ता, दारातली वसुली, नडीला लगेच पैसे. सगळं त्यांच्या पगाराच्या तालावर. हमी मात्र कशाचीच नाही. सांभाळणारीनेच हात वर केले तर दाद मागायला जागा नाही.

आता अडचणीच्या काळात काय होतं ते सांगते, कारण घरखर्चाची खरी परीक्षा तिथं होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला पूर आला. शहराच्या सखल भागात पाणी शिरलं आणि पुराच्या भीतीने-फटक्याने पुष्कळ माग थांबले. माझी एक खातेदार, कांड्या भरणारी, नवरा मागावर. दोघांचेही पगार बंद. तिने त्या काळात पैसे कुणाला आधी दिले, कुणाला नंतर, ते मी जवळून पाहिलं. हातात होते नव्हते त्यातून पहिल्यांदा किराणा दुकानदाराची मागची उधारी अर्धी तरी फेडली. मला नवल वाटलं. घरात चूल पेटायची पंचाईत आणि ही जुनी उधारी भागवते! तिचं म्हणणं सरळ होतं : “मागचं दिलं तर तो पुढचं देईल. न्हाई दिलं तर पुढच्या आठवड्याला खायचं काय?” मग सासऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मग भिशी, निम्मी का होईना, कारण भिशीतल्या बायका शेजारच्या. उद्या अंगावर काही आलं तर त्याच धावणार. घरमालकाला हात जोडून पुढची तारीख. सगळ्यात शेवटी आरडी.

आरडी शेवटी का? ती बुडणार नाही याची तिला खात्री होती म्हणून. पोस्ट कुठे पळून जात नाही. सरकारवर तिचा विश्वास इतका, की अडचणीत सरकारला थांबवता येतं असं तिने धरलं. नियम काय म्हणतो? चुकलेल्या प्रत्येक हप्त्याला शंभरामागे एक रुपया दंड. तो काही फार नाही. पण लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. त्यानंतर दोन महिन्यांत मागची सगळी बाकी भरून सुरू केलं नाही तर त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत. जिच्याकडे चार महिने पाचशे नव्हते, तिने दोन महिन्यांत सगळं एकदम भरायचं!

त्याच वेळी त्या खात्यात तिचे अठरा हप्ते, म्हणजे नऊ हजार रुपये पडून होते. बारा हप्ते भरून वर्ष झालं की आरडीच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आणि तेही आरडीच्या दरावर फक्त २ टक्के जादा व्याजाने. ६.७ च्या दराने धरलं तर ८.७ टक्के. इतकं स्वस्त कर्ज या गल्लीत दुसरं कुठलं असेल? पण त्यासाठी अर्ज, पासबुक आणि पोस्टात खेप लागते, आणि पोस्टाची खिडकी तिच्या पाळीच्या वेळेतच उघडी असते. तिला गरज आठ हजारांची होती. गटाला कर्ज देणाऱ्यांचा माणूस मात्र दारात आला, आठवड्याचा हप्ता बांधून दिला. फक्त त्यांच्याकडे आठ हजारांचं कर्ज नव्हतं, तीस हजारांचं होतं. तिने तीस घेतले. स्वतःचे साडेचार हजार कितीतरी कमी व्याजाने मिळत असताना, वीस-पंचवीस टक्क्यांनी तीस हजार.

या व्यवहारात तिला अक्कल नव्हती असं मला म्हणवत नाही. आठ हजार लागत असताना साडेचार हजारांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि उरलेल्यांसाठी पुन्हा हात पसरायचा, त्यापेक्षा दारात आलेलं घेतलं. तिच्या जागी मी असते तर वेगळं केलं असतं असं छातीठोक सांगता येत नाही.

महोदया, देशातल्या घरांची निव्वळ आर्थिक बचत २०२२-२३ मध्ये सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली, तेव्हा बरीच ओरड झाली. आपल्या मंत्रालयाने सांगितलं, की लोक कर्ज काढून घरं आणि वाहनं घेत आहेत, हे संकटाचं लक्षण नव्हे. पगारदारांच्या बाबतीत ते खरं असेल. माझ्या कार्डांच्या गठ्ठ्यातून दिसतं ते वेगळं आहे. इथं बचत कमी होत नाही, ती जागा बदलते. जिथं हप्ता आठवड्याला आणि दारात घेतला जातो, तिथं ती जाते. मग तो हप्ता भिशीचा असो, नाहीतर कर्जाचा.

दारात जाऊन रोज थोडे थोडे पैसे गोळा करण्यात नवीन काही नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्येच पिग्मी ठेव सुरू केली. दोन आण्यांपासून रोजची रक्कम दारात जाऊन घेत. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी आमच्या भागात पतसंस्थांनी जिवंत ठेवली. आज इचलकरंजीच्या कुठल्याही बाजारपेठेत पिग्मी एजंट रोज फिरताना दिसेल. भाजीवाली वीस देते, पानपट्टीवाला पन्नास. अडचण एकच. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्था बुडाली की भाजीवालीचे वीस-वीस रुपये घेऊन बुडते. म्हणजे सोय आहे तिथं हमी नाही, आणि हमी आहे तिथं सोय नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र देऊ शकेल असं देशात एकच खातं आहे, ते म्हणजे पोस्ट.

आपल्याकडून उत्तर येईल, की हप्त्यात सवलत दिली तर शिस्त बिघडेल. मग पीपीएफकडे बघा. तिथं वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, मधल्या काळात केव्हाही, कितीही वेळा भरा. सुकन्या समृद्धीत वर्षाला किमान २५० भरले की झालं. नोकरदार माणूस मार्च महिन्यात, आयकराची वेळ आली की पीपीएफमध्ये एकरकमी टाकतो, त्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही. ज्याचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो त्याला भरण्याची मुभा वर्षभर. आणि ज्याचा पगार आठवड्याआठवड्याला खालीवर होतो त्याच्यासाठी महिन्याची कडक तारीख. खातं पंधरा तारखेपर्यंत उघडलं तर पंधराच्या आत, नंतर उघडलं तर महिनाअखेरीच्या आत. ही उलटी रचना कुणी मुद्दाम केली असेल असं नाही, पण ती दुरुस्त करणं आपल्या हातात आहे. डिसेंबर २०१९ पर्यंत दहा रुपयांची आरडी निघत होती. नव्या नियमांनी किमान हप्ता शंभर केला. म्हणजे नियम बदलता येतात. २०२० च्या टाळेबंदीत चुकलेल्या हप्त्यांचा दंड माफ करून मुदत वाढवून दिली होती, म्हणजे थांबताही येतं. तेव्हा शिस्त बिघडली नाही. उलट माझ्या पुष्कळ खातेदारांनी काम सुरू झाल्यावर मागचे हप्ते आठवणीने आणून दिले.

माझ्या मागण्या थोडक्यात अशा :

एक, आरडीचा महिन्याचा हप्ता तुकड्यांनी भरू द्या. पाचशेचा हप्ता असेल तर सव्वाशे-सव्वाशे चार वेळा. पंचवीस रुपयांपासून पुढे कितीही. आज आठवड्याला पैसे द्यायचे म्हणजे ते महिनाअखेरपर्यंत एजंटाकडे तोंडी विश्वासावर ठेवायचे, आणि एजंट सगळ्याच सरळ असतात असं मी स्वतः एजंट असूनही म्हणणार नाही. ज्या दिवशी पैसे दिले त्याच दिवशी खातेदाराच्या मोबाइलवर नोंद आली पाहिजे. २०१८ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन अंगठ्याच्या ठशावर दारात पैसे देत-घेत आहेत, म्हणजे यंत्रणा आहे.

दोन, पाच वर्षांत सहा हप्त्यांची रजा द्या. दंड नाही, खातं बंद पडणं नाही. मुदत तेवढे महिने पुढे जाईल, इतकंच. कामगाराला जशी रजा, तशी त्याच्या बचतीलाही.

तीन, आरडीवरचं कर्ज दारात द्या. तिचेच पैसे आहेत, तारण तुमच्याकडेच आहे, मग तिने दिवसाची मजुरी बुडवून खिडकीवर का यावं? आणि त्याची परतफेडही आठवड्याने घ्या. हे एक झालं तर गटकर्जाचा मोह निम्मा ओसरेल. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला, की अशा कुटुंबांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. चांगला नियम आहे, पण कर्ज काढावंच लागू नये यासाठी कुणी नियम केला आहे का?

चार, मुदतीआधी खातं मोडलं तर पूर्ण झालेल्या वर्षांचं व्याज त्या मुदतीच्या ठेवीच्या दराने द्या. चार वर्षं भरणाऱ्या बाईला एका दिवसाच्या खातेदारासारखं बचत खात्याचं व्याज देऊ नका.

पाच, माझ्याबद्दल. मला कमिशन मिळतं ते हप्ता भरण्यावर. खातं पाच वर्षं टिकलं काय किंवा दोन वर्षांत बंद पडलं काय, भरलेल्या हप्त्याचे पैसे मला मिळालेले असतात. कर्ज काढून देण्याबद्दल काहीच मिळत नाही, मग एजंट खातेदाराला त्याची माहिती कशाला सांगेल? कमिशनचा काही भाग मुदत पूर्ण झालेल्या खात्यावर द्या. सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझं उत्पन्न कमी होईल, मान्य आहे. पण मग खातं वाचवण्यात माझा फायदा राहील आणि मी पुराच्या आठवड्यातही त्या दारात जाईन.

हे होईपर्यंत आम्ही थांबलेल्या नाही. खातेदारांना मी आता दोन गोष्टी सांगते. हजाराची एक आरडी काढण्याऐवजी पाचशेच्या दोन काढा, सहा महिन्यांच्या अंतराने. नड आली तर एकीचे हप्ते चालू ठेवून दुसरी थांबवता येते. आणि बारा हप्ते झाले की कर्जाचा अर्ज भरून, सही करून माझ्याकडे ठेवा, तारीख कोरी. कर्ज घ्यायचं नसलं तरी. वेळ आली की फक्त आकडा टाकायचा. काहींच्या घरी फरक पडला आहे. पण ही माझ्या गल्लीपुरती मलमपट्टी झाली. सगळ्या देशाच्या नियमाचं काम एका एजंटाच्या पिशवीतल्या कोऱ्या अर्जांनी होत नाही.

शेवटी एकच. आरडीत भरलेला पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो आणि सरकारची तूट भरून काढायला वापरला जातो. म्हणजे कांड्या भरणारी बाई दर महिन्याला पाचशे रुपये सरकारला वापरायला देते. सावकार आपल्या ऋणकोला अडचणीत मुदत वाढवून देतो, स्वतःच्या फायद्यासाठी का होईना. इथं तर धनको ती आहे. तिला एका आठवड्याची मुदत मागण्याचा हक्क नाही, हे आपल्यालाही पटणार नाही.

पुढच्या तिमाहीअखेर दर जाहीर कराल तेव्हा तो वाढवला नाहीत तरी चालेल. त्या आदेशात हप्ता तुकड्यांनी भरता येईल एवढी एक ओळ घाला. तिचा फायदा दोन दशांश टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा असेल, आणि त्याचा हिशेब मी खातेवार करून आपल्याला पाठवीन.

आपली,
इचलकरंजीतील एक अल्पबचत एजंट